साठ माणसांचं लग्न: काय ठेवायचं, काय सोडायचं?

रानजाई (धागाकर्ती):
मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा सविस्तर हवाय.

डिसेंबरात लग्न करायचं ठरतंय. मी साताऱ्याची, तो वर्ध्याचा, दोघंही नोकरीला पुण्यात. कार्यालय, स्टेज, लाल सोफा आणि त्यासमोर दोन तास उभं राहून कुणाकुणाला हसून नमस्कार, यातलं काहीच आम्हाला नकोय. वाईजवळ मैत्रिणीच्या काकांचं शेतघर आहे. मोठं अंगण, चार आंबे, मागे ओढा. तिथे साठ माणसांत करावं असं मनात आहे. पूजाअर्चेवर दोघांचाही विश्वास नाही. पण नुसती सही ठोकून हॉटेलात जेवायला जायचं, हेही कोरडं वाटतं. काहीतरी व्हावं, आमचं असावं, आणि आलेल्यांना 'हे काय नाटक' असं वाटू नये.

घरून विरोध नाही, हाच घोळ आहे. असता तर सरळ भांडता आलं असतं. आई म्हणते, "तुमचं तुम्ही ठरवा," आणि मग स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आदळतात. बाबांची 'अगदी जवळच्यांची' यादी एकशेऐंशीला टेकली आहे. त्याच्याकडे वर्ध्याला पाचशे म्हणजे घरच्याघरी.

तुमच्यापैकी कुणी असं केलंय का? कायद्याचं कसं, विधींचं काय केलंत, आणि यादी कशी आवरलीत?

खटपट्या:
अभिनंदन! पहिला प्रश्न: शेतघरात संडास किती? हसू नका. साठांत वीसेक जण तरी साठीपुढचे असणार आणि त्यांना कमोड लागतो. दोनच असतील तर फिरती स्वच्छतागृहं भाड्याने मिळतात, ती आधी सांगून ठेवा. पाण्याचा टँकर आणि जनरेटर धरून चला. मुहूर्त पाळायचा नाहीच, तर सकाळी अकराला सुरू करून दुपारचं जेवण द्या. डिसेंबरात वाईला ऊन उतरलं की चांगलं गारठतं, आणि म्हाताऱ्या मंडळींना अंधारात सुरूर फाट्यावरून हायवेला लावून देणं तुम्हालाच जड जाईल.

टीपकागद:
यादीला एकच नियम. जी व्यक्ती तुमच्या दोघांपैकी एकालाही नावाने हाक मारत नाही, ती बाद. आमच्याकडे या एका चाळणीत अर्धी यादी गळली.

नोंदवही:
विवाहनोंदणीच्या कामात अनेक वर्षं आहे म्हणून लांबण लावतोय.

तुमच्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ हाच सरळ रस्ता. दोघांपैकी एकजण तरी नोटीस द्यायच्या आधीचे सलग तीस दिवस ज्या जिल्ह्यात राहतोय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात लावतात. तीस दिवसांत कायदेशीर हरकत आली नाही की लग्न लावता येतं. हरकतीची कारणं ठरलेली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय न भरणं (मुलगा २१, मुलगी १८), निषिद्ध नातं, मानसिक स्थितीमुळे संमती देता न येणं. 'आम्हाला स्थळ पसंत नाही' ही हरकत होत नाही. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे डिसेंबरच्या मध्यासाठी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात नोटीस द्या. फार लवकरही नको, फार उशिराही नको. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात.

लोकांना बहुतेक माहीत नसलेली गोष्ट अशी की याच कायद्याच्या कलम १२ मध्ये लग्न कोणत्याही पद्धतीने लावायची मुभा आहे. अट एवढीच: अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना, समजेल त्या भाषेत, 'मी तुझा नवरा किंवा बायको म्हणून स्वीकार करतो, करते' अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य म्हणायचं. जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर बोलवायचीही तरतूद आहे. पण तुम्ही राहता पुण्यात आणि वाई सातारा जिल्ह्यात, म्हणून ते डोक्यातून काढा. पुण्यात शुक्रवारी सह्या करा, शनिवारी वाईला सोहळा करा. शनिवारी कचेरी उघडी असेल असं गृहीत धरू नका.

आणि कृपा करून 'नुसते हार घालू आणि पालिकेत नोंदणी करून टाकू' हा घोळ करू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एकाच्या रूढीतले विधी व्हावे लागतात. विधी झालेच नाहीत तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह वैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. विधी नको असतील तर १९५४ चा कायदाच धरा.

रानजाई:
@नोंदवही, फार फार आभार. म्हणजे कागदावर आमची लग्नाची तारीख शुक्रवारची होणार? आई विचारेल, 'मग शनिवारी काय?'

नोंदवही:
कायद्याने शुक्रवारचीच. पासपोर्ट, व्हिसा, बँक सगळीकडे तीच लिहा. पत्रिकेवर काय छापायचं ते तुमचं. वाढदिवस दोन दिवस साजरा करणारे लोक असतातच की.

आगाऊ_आजी:
यादीबद्दल मी बोलते, कारण तुमच्या बाबांच्या वयाची इथे मीच असेन.

पोरी, बाबांची ती यादी म्हणजे उधारीची वही आहे. तीस वर्षं त्यांनी लोकांकडची लग्नं खाल्ली आहेत, पाकिटं दिली आहेत आणि घेतली आहेत. ऑफिसातल्या शिपायाच्या मुलीच्या लग्नाला ते गेले तेव्हा तो माणूस मांडवाच्या दारापर्यंत सोडायला आला होता. आता त्याला बोलवायचं नाही, हे बाबांच्याने होत नाही. 'नावाने हाक मारत नाही तो बाद' हे ऐकायला झकास आहे, पण ती माणसं हाक तुझ्या बाबांना मारतात ना.

यादीवर भांडू नका. बाबांना विचारा, ही फेड दुसऱ्या कशाने होईल? आमच्या धाकट्याच्या वेळी हे गावी गेले आणि देवळात एक दुपारचं जेवण घातलं. मुलगा-सून तासभर येऊन गेले. स्टेज नाही, आहेर नाही. पंगती उठल्या, विषय संपला.

टीपकागद:
आजी, आदर आहे, पण हे म्हणजे छोटं लग्न अधिक मोठं जेवण. खर्च वाचला कुठे? आणि बाबांची उधारी मुलीने का फेडायची?

आगाऊ_आजी:
खर्च वाचवायचाय असं धाग्यात कुठे लिहिलंय रे? आणि मुलीने नाही, बाबांनीच फेडायची. तिने फक्त आडवं यायचं नाही.

खटपट्या:
खर्चाचं खरं सांगायचं तर छोट्या लग्नात माणशी खर्च वाढतो. साठ ताटांसाठी आचारी मोठं लग्न सोडून येत नाही, आला तर दर लावतो. मांडव, वीज, गाड्या यांचा खर्च माणसं कमी म्हणून कमी होत नाही. एकूण आकडा खाली येतो हे खरं, पण 'अर्धी माणसं, अर्धा खर्च' असं गणित बसत नाही.

सुपारी:
आमचं लग्न एप्रिल २०२१ मधलं. सरकारचा नियम होता: पंचवीस माणसं, दोन तास, मोडलात तर पन्नास हजार दंड. त्या नियमाने आमचे किती वाद मिटवले म्हणून सांगू! यादी आम्ही केली नाही, सरकारने केली. तुमच्याकडे ती सोय नाही. तुम्हाला स्वतः नाही म्हणावं लागणार, हाच फरक.

कळसूत्री:
विधींबद्दल लिहिते. माझं लग्न बरंचसं रानजाईला हवंय तसं झालं.

आम्ही कागद घेऊन बसलो आणि भराभर काट मारायला लागलो. कन्यादान नको, मी दान द्यायची वस्तू नाही. रुखवत नको, कानपिळी नको, सुनमुख नको, विहिणीची पंगत तर नकोच नको. पान स्वच्छ झालं. मग धाकट्या बहिणीने विचारलं, "मामा काय करणार?" मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ. मी फ्रॉकात होते तेव्हापासून 'तुला बोहल्यावर मीच आणणार, आत्ताच वजन कमी कर' म्हणून चिडवणारा. आम्ही विधी गाळत होतो आणि प्रत्येक विधीमागे एक माणूस उभा होता, तोही आपोआप गळत होता. रुखवत म्हणजे मावशी. कानपिळी म्हणजे भाऊ. कन्यादान म्हणजे बाबा.

मग कागद उलटा केला. आधी माणसं लिहिली, नंतर त्यांना कामं दिली. मामाने मला आणलं आणि नवऱ्याच्या मामाने त्याला. रुखवतवाल्या मावशीला सांगितलं, सगळ्यांना घरी न्यायला काहीतरी कर. तिने मेतकूट केलं आणि छोट्या बरण्यांत भरून दिलं. रुखवतापेक्षा जास्त मिरवली. कानपिळी ठेवली, पण दोन्हीकडून. माझ्या भावाने त्याचा कान पिळला, त्याच्या बहिणीने माझा, आणि जरा मनापासूनच पिळला. कन्यादान गेलंच. त्याजागी चारही आईबाप उभे राहून दोन-दोन वाक्यं बोलले. बाबांनी चिठ्ठी लिहून आणली होती, ती उघडलीच नाही.

अंतरपाट धरायला दोघी आया. माझ्या सासूबाई विधवा आहेत. नात्यातल्या लग्नांत त्या अक्षता टाकायलासुद्धा मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहायच्या. कुणी सांगायचं नाही, त्याच राहायच्या. त्यांच्या हातात अंतरपाटाचं टोक दिलं तेव्हा हात इतका थरथरत होता की कापड त्या बाजूने खाली यायला लागलं, आणि तेवढ्या फटीतून मला नवऱ्याची एक भुवई दिसत होती. मंगलाष्टकं होईपर्यंत मी त्या भुवईकडे बघत होते.

शब्दखुळी:
@कळसूत्री, सासूबाईंचं वाचून हेरवाड आठवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांवर बंदीचा ठराव केला आणि मग राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. पण ठरावाने कुंकू पुसणं थांबतं, मागच्या रांगेत उभं राहणं थांबत नाही. ते असं कुणीतरी हाताला धरून पुढे आणलं तरच.

रानजाई:
@कळसूत्री, मी हे आईला वाचून दाखवलं. भांड्यांचा आवाज थांबला. मग म्हणाली, "म्हणजे अंतरपाट ठेवणार आहात?" तिला एवढंच हवं होतं, हे मला आत्ता कळतंय.

ओसरी:
पूर्ण नवीन काही रचायच्या आधी आपल्याकडे काय आहे तेही बघा. महात्मा फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, वधूवरांनी एकमेकांना शपथ द्यायची. फुल्यांनी त्यासाठी मंगलाष्टकं लिहिली, त्यात वधू बायकांच्या हक्कांबद्दल नवऱ्याला जाब विचारते आणि तो वचन देतो. दीडशे वर्षांपूर्वी! आज 'स्वतःच्या शपथा' म्हणून आपण परदेशी सिनेमांकडे बघतो.

आमचं असंच झालं, एका छोट्या सभागृहात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते असे विवाह लावून देतात. अक्षतांऐवजी फुलं, तांदूळ पायदळी नको म्हणून. फक्त कार्यकर्त्याला आधी सांगा की भाषण आवरतं घ्या. आमच्या लग्नात प्रास्ताविकच इतकं रंगलं की मठ्ठा कोमट झाला.

देवघर:
थोडा वेगळा सूर. विधी नकोत, की न कळणारे विधी नकोत, हे एकदा तपासा. आमच्याकडे ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने झालं. पौरोहित्य करायला बाई होत्या, प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगून पुढे जात होत्या. माझे कट्टर नास्तिक दीर सप्तपदीचा अर्थ ऐकून म्हणाले, "हे एवढं साधं होतं होय?" तुम्हाला नकोच असेल तर आग्रह नाही. पण आजी-आजोबांसाठी तो मधला रस्ता होऊ शकतो.

टीपकागद:
सगळ्यांनाच मधला रस्ता सापडतोय. मग अपारंपरिक उरलं काय?

कळसूत्री:
@टीपकागद, आमच्या लग्नात मानपान नव्हता, हुंडा नव्हता, साडी-टोपी नव्हती, मुलीकडचे-मुलाकडचे असे वेगळे बसले नव्हते, खर्च निम्मा-निम्मा होता आणि मी आडनाव बदललं नाही. अंतरपाट होता. चालेल ना?

वसईची_पोर:
मी ख्रिस्ती, नवरा हिंदू. सकाळी चर्च, संध्याकाळी भटजी असा दुहेरी प्रयोग करा म्हणून खूपजण मागे लागले होते. तसं केलेल्या मैत्रिणी लग्नाच्या फोटोत झोपलेल्या दिसतात. आम्ही १९५४ च्या कायद्याने सह्या केल्या आणि अंगणात एकच पंगत घातली. पानात पुरणपोळी आणि शेजारी आमच्याकडचे फुगे (तळलेले गोल पाव) आणि इंद्याल (आंबट-तिखट मांसाहारी रस्सा). माझ्या सासूबाई शाकाहारी, त्यांनी स्वतःच जागा दोन पानं पुढे सरकवली आणि सगळ्यांशी गप्पा मारल्या.

एक कायद्याची गोष्ट माझ्यासारख्यांसाठी: वेगवेगळ्या धर्मांचे लोक या कायद्याने लग्न करतात तेव्हा त्यांच्या मालमत्तेच्या वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. @नोंदवही दुरुस्त करतीलच.

नोंदवही:
बरोबर आहे. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर मात्र १९७६ च्या दुरुस्तीनंतर तसं होत नाही, त्यांना हिंदू वारसा कायदाच राहतो. रानजाई, तुम्हाला चिंता नाही.

पोपटपंची:
एवढी डोकेफोड कशाला? गोव्याला जा, समुद्रकिनारी करा. फोटो भारी येतात.

गोंयकार:
या, स्वागत आहे, पण फक्त सोहळ्याला. गोव्यात लग्नाचा कायदा पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा आहे. इथे आधी नोंदणी कचेरीत दोघांनी इरादा नोंदवायचा, मग मुदतीनंतर पुन्हा जाऊन पक्का करायचा. आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरतात. बाहेरच्यांनी नोंदणी आपापल्या गावी करावी आणि इथे मासे खावेत.

मालवणी_मसाला:
जेवणाबद्दल कुणीच नीट बोलेना म्हणून मी. साठ माणसं म्हणजे एकाच वेळी एक पंगत बसू शकते, हा छोट्या लग्नाचा खरा फायदा. बुफे लावून तो घालवू नका. दोन लांब ओळी, केळीची पानं, म्हाताऱ्यांना टेबल-खुर्ची त्याच ओळीत, बाजूला नाही. एक पदार्थ नवरानवरीने वाढायचा. साठ जणांना वाढताना प्रत्येकाशी बोलणं होतं, स्टेजची गरजच उरत नाही. आमच्याकडे नवरीने आमरस वाढला आणि अर्धा शालूवर सांडला, तेव्हा वाढताना साडी साधी नेसा. पाटवडीचा रस्सा विदर्भातला, मसालेभात-मठ्ठा साताऱ्याचा, दोन्ही घरं खूश.

शब्दखुळी:
मंगलाष्टकं स्वतः लिहिणार असाल तर एक विनंती. त्यांच्या शार्दूलविक्रीडित वृत्तात दर ओळीला एकोणीस अक्षरं असतात, बाराव्यावर थांबायचं. कुणाच्यातरी काकू त्यात सगळ्या आत्यांची नावं कोंबतात आणि म्हणताना दम लागतो. तीन कडवी पुरे. नाहीतर सरळ दोन ओव्या म्हणा, जात्यावरच्या ओव्यांत लेकीच्या लग्नाचं इतकं काही आहे, आणि म्हणायला साताऱ्याची एखादी आजी सापडेलच.

आणि निवेदनाला एक मैत्रीण नेमा. विनोद करणारी नको, वेळ पाळणारी हवी. पाऊण तासाच्या वर काही जाऊ देऊ नका.

रानजाई:
पत्रिकेचा मसुदा टाकते, सुचवा:

"आम्ही दोघं नोंदणी पद्धतीने लग्न करत आहोत. त्यानिमित्त शनिवारी सकाळी वाईला जवळची मंडळी जमणार आहेत. मुहूर्त नाही, पण साडेअकराला सुरू करू. आहेर आणू नये. दुपारी पंगत आहे, सावकाश जेवून जावे."

ज्यांना बोलवत नाही त्यांना काय पाठवायचं, ते मात्र सुचत नाहीये.

आगाऊ_आजी:
'आहेर आणू नये' एवढ्यावर लोक थांबत नाहीत. गेटवर एक भाचा उभा कर, पाकिटं परत द्यायला. ज्यांना बोलवत नाहीस त्यांना आधी काहीही पाठवू नकोस. 'तुम्हाला बोलवत नाही' असं कळवणारं पत्र अजून कुणी गोड लिहिलेलं नाही. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी दोघांच्या नावाने फोटो आणि दोन ओळी पाठव.

रानजाई:
आत्तापर्यंत जे ठरलंय ते सांगते. शुक्रवारी पुण्यात सह्या. साक्षीदार त्याचा भाऊ, माझी मैत्रीण आणि माझी आत्या, जी स्वतः चाळीस वर्षांपूर्वी नोंदणी विवाह करून घरातून बोलणी खाऊन बसली होती. ती ऐकल्यापासून साडी निवडतेय. शनिवारी वाईला साठ, खरं म्हणजे अडुसष्ट. अंतरपाट दोघी आया धरतील. जानेवारीत वर्ध्याला त्याच्या घरचे जेवण घालणार आहेत, त्यात आम्ही ढवळाढवळ करायची नाही असं ठरलंय. आणि बाबा काल स्वतःहून म्हणाले, "मग मी कंदी पेढे घेऊन घरोघरी जाऊन येईन, साताऱ्यात काय, स्कूटरवर होतं." एकशेऐंशी घरं! त्याने लगेच गोरसपाकही (तिकडची बिस्किटं) वर्ध्याहून मागवायची तयारी दाखवली, म्हणजे डबा दोन्हीकडचा.

आता एकच राहिलं. आईला हळद हवीय, आणि मलाही नको असं नाही. पण कधी? शुक्रवारी सकाळी सह्या, संध्याकाळी वाईला निघायचं.

कळसूत्री:
गुरुवारी संध्याकाळी करा, घरीच. फक्त बायकांची नको, मुलगेही लावू देत, दोघांना एकत्र.

नोंदवही:
गुरुवारी चालेल. कचेरीत अंगठ्याचा ठसा घेतला तर पंचाईत नको, म्हणून अंगठ्यांना हळद लावू नका आणि मेंदीही पेरापर्यंत नको. बाकी पिवळे होऊन आलात तरी कुणी काही म्हणणार नाही.